या कागदावरून फरशी बसत नाही

“वहिनी, याच्यावरून फरशी नाई बसत.”

आमच्या मिस्त्रींनी फोन आधी डोळ्यांजवळ नेला, मग हात लांब करून पाहिला आणि निकाल देऊन टाकला. “माप कुठी हाय याच्यात? तुकडा कुठी संपते, दुसरा कुठून लागते, कायीच समजून नाई राह्यलं. कोण्या शिकाऊ पोट्ट्यानं काढलं काय?”

तो शिकाऊ पोट्टा म्हणजे युजीन देलाक्र्वा. फ्रान्समधल्या रोमँटिक चित्रकारांत ज्याचं नाव सगळ्यात आधी घेतात तो. मोडलेल्या अडथळ्यांवरून, प्रेतांवरून, तिरंगी झेंडा उंचावत पुढं निघालेली ती बाई तुम्ही कुठं ना कुठं पाहिली असेल. ते १८३० सालचं चित्र त्याचंच. मी मिस्त्रींना दाखवत होते ती त्यानंतर दोन वर्षांनी मोरोक्कोच्या प्रवासात केलेली पानं. घरांच्या कमानी, दारं, आणि भिंतींच्या खालच्या पट्ट्यातली रंगीत फरशीची नक्षी. नक्षी सुरू होते, थोडी पुढं जाते आणि अर्ध्यात सुटते. पेन्सिल दुसरीकडे निघून जाते. जिथं रंग भरायला वेळ नव्हता तिथं रंगाचं नावच फ्रेंचमध्ये खरडून ठेवलेलं.

हे मी पाहते कुठं, तर दुकानात, काउंटरवर. लूव्र संग्रहालयानं आपला सगळा संग्रह २०२१ पासून इंटरनेटवर फुकट पाहायला ठेवला आहे, आणि दुपारी दीड ते चार आमच्या गावात सिमेंटची थैली मागायला कुणी येत नाही. दर्यापूर तालुक्यातलं गाव, पूर्णेचा खारपाणपट्टा. दुकान सासऱ्यांनी सुरू केलं तेव्हा सळई, सिमेंट आणि लोखंडी दारं होती. टाइल्स माझ्या काळात आल्या. मी अमरावतीला एटीडी केलं होतं, म्हणजे शाळेत ड्रॉइंगची बाई व्हायचं होतं. भरती निघाली नाही, लग्न निघालं. आता मोरबीहून येणाऱ्या बॉक्सवर शेडनंबर वाचते आणि “भाऊ, एकाच शेडचा माल घ्या, मंग बोंबलत येसान” असं लोकांना सांगते. रंगाशी संबंध सुटला नाही एवढंच समाधान.

तर देलाक्र्वा तिथं पोचला कसा? १८३० मध्ये फ्रान्सनं अल्जियर्स घेतलं. शेजारच्या मोरोक्कोचा सुलतान मौले अब्द अल-रहमान याच्याशी त्यावरून तणातणी सुरू झाली, म्हणून काउंट द मोर्ने नावाच्या तरुण मुत्सद्द्याला बोलणी करायला पाठवलं. मोर्नेला लांबच्या वाटेवर गप्पा मारायला कुणीतरी हवं होतं, आणि ओळखीपाळखीतून देलाक्र्वाचं नाव पुढं आलं. राजकारणाशी त्याचा काही संबंध नव्हता. सरकारी वरातीतला तो हौशी वऱ्हाडी. जानेवारी १८३२ च्या अखेरीस जहाज टँजियरला लागलं. ५ मार्चला घोड्यांचा तांडा सुलतान होता त्या मेक्नेस शहराकडे निघाला आणि १५ तारखेला पोचला. सुलतानाची भेट मात्र २२ मार्चला. तोवर परदेशी वकिलानं गावात हिंडायचं नाही असा तिथला रिवाज, त्यामुळं मधला आठवडा ही सगळी मंडळी दिलेल्या घरात बसून होती.

मला या प्रवासातला हाच आठवडा सगळ्यात आवडतो. सुलतानाची भेट, घोडेस्वारांनी धूळ उडवत बंदुका झाडणं, ते सगळं त्यानं पुढं मोठ्या कॅनव्हासवर केलंच. पण कोंडून ठेवलेल्या माणसाला जे दिसतं ते वेगळं असतं. त्या मुलखातली जुनी घरं बाहेरून आंधळी आणि आत उघडी. मध्ये चौक, भोवती खोल्या, आणि चौकाच्या भिंती कमरेच्या वरपर्यंत रंगीत तुकड्यांनी मढवलेल्या. त्याच्या वर प्लास्टरचं कोरीव काम, त्याच्याही वर देवदाराचं लाकूड. आमच्याकडच्या जुन्या वाड्याची आखणीही अशीच असते, म्हणून त्याची ती दारंखिडक्यांची पानं पाहताना मला नकाशा समजावून घ्यावा लागला नाही. भेटीनंतर त्याला बाहेर पडता आलं, पण शिपायांच्या गराड्यात. परका माणूस कागद घेऊन आपल्याकडं टक लावून पाहतो हे तिथल्या लोकांना मुळीच आवडत नव्हतं. त्यांचं काय चुकलं? आमच्या गावात कुणी तसं केलं तर सरपंचापर्यंत फोन जातील.

या प्रवासात त्यानं सात वह्या भरल्या. त्यातल्या चार उरल्या आहेत, तीन लूव्रमध्ये आणि एक पॅरिसच्या उत्तरेला शांतिई इथं. छोट्या, खिशात घालून फिरता येतील अशा. घोड्यावर बसल्या बसल्या केलेल्या रेघा आहेत, मुक्कामाला पोचल्यावर भरलेला जलरंग आहे, आणि चित्राच्या अंगाला चिकटून मजकूर. कुठं काय खाल्लं, कोण भेटलं, सावली कुठल्या रंगाची होती.

रंगाचं नाव लिहून ठेवण्याची ही पद्धत आमच्या धंद्यात रोजची आहे. माप घ्यायला मी कुणाच्या घरी जाते तेव्हा माझ्याकडं एक फुलस्केप वही असते. त्यात स्वयंपाकघराची भिंत काढते, खिडकी सोडते, बेसिनची जागा फुली मारून दाखवते, आणि आत शब्द लिहिते: “खाली मेहंदी, वर बदामी, मधला पट्टा बाईंना राणी पाहिजे, भाऊंना नको.” फोटो काढता येतो की, असं पोरगा म्हणतो. येतो. पण फोनमधल्या फोटोत संध्याकाळी मेहंदी काळी दिसते आणि ट्यूबलाइटखाली बदामी हिरवट. मी लिहिलेली “बदामी” मात्र बदामीच राहते. देलाक्र्वाला तर फोटोचा पर्यायच नव्हता. छायाचित्रण लोकांसमोर आलं १८३९ साली. त्यामुळं हिरवा म्हणून जो शब्द लिहिला त्यावर महिन्यांनी, वर्षांनी पॅरिसमधल्या थंड खोलीत बसून विश्वास ठेवायचा होता.

आता मिस्त्रींचा मुद्दा. ते दोन टाइल्सच्या सांध्यावर नाणं फिरवून पाहतात, उंचसखल लागलं तर ओली असतानाच उचलतात. काळ्या मातीवर घर बांधणाऱ्या मुलखात हा कडकपणा लागतो. उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात, पावसात तीच माती फुगते, आणि खालचा बेड नीट भरला नसेल तर दोन वर्षांत फरशी पोकळ वाजायला लागते. वरून खारं पाणी. मसाल्यात तेच वापरलं की सांध्यासांध्यांतून पांढरा खार फुटतो आणि बाई दुकानात येऊन माझ्या नावानं शंख करते. अशा माणसाला अर्धवट काढलेला तारा दाखवला तर तो दुसरं काय म्हणणार?

पण मोरोक्कोतल्या कारागिरांचं काम कसं होतं हे सांगितल्यावर त्यांनी चहा थंड होऊ दिला. त्या कामाला झेलीज म्हणतात. फेझ शहराच्या आसपासची माती मळून साधारण चार इंचाच्या चौकोनी फरश्या करायच्या, उन्हात वाळवायच्या, भाजायच्या, चकाकी चढवून पुन्हा भाजायच्या. फेझच्या भट्ट्यांत इंधन म्हणून ऑलिव्हच्या बियांचा चोथा जाळतात. हिरव्यासाठी तांबं, निळ्यासाठी कोबाल्ट, मधाळ पिवळ्यासाठी लोखंड, काळ्या-जांभळ्यासाठी मँगनीज. इथपर्यंत मिस्त्री नुसते हं हं करत होते. पुढचं ऐकून सरसावून बसले. चौकोनी फरशीवर आकार आखून घ्यायचा आणि जड, धारदार हातोडीनं तो आकार ठोकून ठोकून काढायचा. तारा, पाकळी, लांबट षटकोन, बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडेसुद्धा. तुकड्याची कड मागच्या बाजूला तिरपी तासायची, म्हणजे समोरून दोन तुकडे एकमेकांना अगदी भिडतात आणि मागं मसाला धरायला जागा राहते.

“हे त सुपारी कातरल्यासारखं झालं,” मिस्त्री म्हणाले. “अन् ग्राउट?”

ग्राउट, म्हणजे सांध्यात भरायचा मसाला, नाही. आणखी पुढं सांगितलं, की हे तुकडे जमिनीवर पालथे मांडतात. चकाकी खाली, पाठ वर. मांडणाऱ्याला रंग दिसतच नाही, सगळी लाल-पिवळी भाजकी माती. कुठल्या तुकड्याशेजारी कुठला हे डोक्यात पाठ. सगळं लागलं की वरून मसाला ओतायचा, सुकला की ती अख्खी पाटी उचलून भिंतीला उभी करायची, आणि मग पहिल्यांदा नक्षी दिसणार. मिस्त्री बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मंग त्या चित्रवाल्यानं त्या मांडणाऱ्याचं चित्र काढाले पाह्यजे होतं.”

हे मला पटलं. देलाक्र्वाच्या पानांत तयार भिंत आहे, भिंत करणारा हात नाही. त्याला तिथं जे पाहायला मिळालं ते घरमालकाचं आणि पाहुण्याचं जग.

बरं, माप घेणारे लोकही त्या काळात होते. देलाक्र्वानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, ओवेन जोन्स हा इंग्लिश वास्तुकार आणि त्याचा फ्रेंच सोबती ज्यूल गूरी स्पेनमधल्या ग्रनाडाच्या अलहंब्रा महालात जाऊन बसले. भिंतीवर कागद लावून छाप घेतले, प्लास्टरचे साचे काढले, प्रत्येक नक्षीची भूमिती उलगडली. गूरी तिथंच कॉलऱ्यानं गेला. जोन्स पुन्हा एकदा जाऊन आला, रंगीत शिळाछपाई स्वतः उभी केली आणि १८४५ पर्यंत दोन मोठे खंड पुरे केले. त्यातली पानं मी मिस्त्रींना दाखवली तेव्हा ते लगेच म्हणाले, “हाव, याच्यावरून बसते.” बसतेच. जोन्सच्या पानावर नक्षी सपाट आहे, उजेड सगळीकडं सारखा, आणि भिंतीसमोर कुणी उभं नाही. कॅटलॉग आहे तो, आणि फार सुंदर कॅटलॉग. मला तसले कॅटलॉग कंपन्यांकडून दर दिवाळीला येतात. तेवढे सुंदर नसतात, पण जात तीच.

गिऱ्हाईक कॅटलॉग पाहून टाइल पसंत करतं आणि घरी लागल्यावर म्हणतं, “दुकानात अशी नव्हती दिसत.” दरवेळी. कारण दुकानात ती टाइल पांढऱ्या फळीवर एकटी टांगलेली असते. घरी तिच्यासमोर लाल सिलेंडर येतो, निळा पाण्याचा ड्रम येतो, स्टीलची मांडणी येते, दोरीवर पिवळी साडी वाळत पडते. हिरवा रंग लाल सिलेंडरशेजारी आला की अंगात आल्यासारखा उठतो. तीच टाइल, शेडनंबर तोच.

देलाक्र्वाला याचंच वेड होतं. शांतिईच्या वहीत त्यानं रंगांचा एक त्रिकोण काढून ठेवला आहे. टोकांना लाल, पिवळा, निळा, आणि मधल्या बाजूंवर त्यांच्या मिश्रणाचे नारिंगी, हिरवा, जांभळा. त्याबरोबरच्या टिपणात दोन खेडुत पोरांच्या चेहऱ्यांबद्दल लिहिलं आहे, की पिवळसर पोराच्या चेहऱ्यावरच्या सावल्या जांभळ्या होत्या आणि लालबुंद पोराच्या हिरव्या. एटीडीला आम्हाला हे ‘विरोधी रंगसंगती’ म्हणून परीक्षेपुरतं शिकवलं होतं, पोस्टर कलरनं चौकोन भरून. कुणाच्या गालावर शोधा असं कुणी सांगितलं नाही. असा माणूस नक्षीचा पहिला तारा काढतो, त्याला समजतं की हीच पुढं फिरत जाणार, आणि तो थांबतो. नक्षी पुन्हा काढण्यात त्याला रस नाही. त्या हिरव्यासमोर कोण येऊन बसतं आणि त्यानं दोघांचं काय होतं, तिकडं त्याचे डोळे लागलेले.

कोण येऊन बसलं ते १८३४ च्या चित्रात आहे. मोरोक्कोहून परतताना जून १८३२ च्या अखेरीस तो तीन दिवस अल्जियर्सला थांबला. सांगतात असं, की बंदराच्या फ्रेंच इंजिनियरनं आपल्या हाताखालच्या एका माणसाला गळ घातली आणि देलाक्र्वाला त्या माणसाच्या घरी जनानखान्यात नेलं. त्यातून पुढं ‘अल्जियर्सच्या स्त्रिया’ हे चित्र झालं. लूव्रमध्ये आहे. उंची १८० सेंटिमीटर, रुंदी २२९. म्हणजे आमच्या हिशेबात ४४ चौरस फूट, २ बाय २ च्या टाइलचे तीन बॉक्स. (याच चित्रावरून पिकासोनं १९५४-५५ च्या हिवाळ्यात पंधरा चित्रं केली आणि त्यातलं शेवटचं २०१५ साली न्यूयॉर्कच्या लिलावात १७ कोटी ९० लाख डॉलरच्या आसपास गेलं. चौरस फुटाचा दर ज्यानं त्यानं काढावा.)

चित्रात तीन बायका बसल्या आहेत, चौथी काळी सेविका पाठमोरी होत पडद्याकडं निघाली आहे. मागं फरशीची भिंत, भिंतीत अर्धवट उघडं कपाट, आत काचेची भांडी. मी हे चित्र बोटांनी मोठं करून मिस्त्रींच्या नजरेनं पाहिलं. फरशी एकेक मोजता येत नाही. सावलीत गेली की नक्षी विरघळते, निळा आणि पिवळा नुसते एकमेकांत कुजबुजत राहतात. पण भिंतीतले रंग पुढं बायकांच्या ओढणीत, सदऱ्यात, गालिच्यात पुन्हा उगवतात, इतके की भिंत कुठं संपली आणि कापड कुठं सुरू झालं हे सांगायला थांबावं लागतं. अल्जियर्सच्या घरांतल्या फरश्या पुष्कळदा बाहेरून आलेल्या असत. ट्युनिसच्या, इटलीच्या, अगदी हॉलंडच्या डेल्फ्टच्यासुद्धा. व्यापाऱ्याची बायको म्हणून मला याचं फार बरं वाटतं. कुणीतरी तिथंही “माल वाटेत फुटला, चार नग कमी आले” म्हणत डोकं धरून बसलं असेल.

या चित्रापुढं मला सुखानं बसता मात्र येत नाही. त्या बायकांना कुणी विचारलं होतं? गाव जिंकलेलं. फ्रेंच फौज खालच्या वस्तीतली घरं पाडून कवायतीला मैदान मोकळं करत होती. त्या घरांच्या भिंतींनाही फरश्या असणारच. त्याच गावात त्याच राज्यकर्त्यांच्या ओळखीवर एक परका पुरुष माजघरात शिरतो आणि वही काढतो. मी लोकांच्या स्वयंपाकघरात माप घ्यायला जाते, घरची बाई दारात उभी राहते, कधी पदर सावरते, कधी ओट्यावरची खरकटी भांडी पटकन सरकवते. तिनं बोलावलं म्हणून मी गेलेली असते, तरी सुरुवातीची पाच मिनिटं मला टेप काढवत नाही. टँजियरला त्याचं बरं होतं. तिथं फ्रेंच वकिलातीचा दुभाषी अब्राहम बेनशिमोल यानं त्याला ज्यूंच्या घरांत ओळखीनं नेलं, तो लग्नालाही गेला, आणि त्या आठवणीवरून केलेलं ज्यू लग्नाचं चित्र मला अल्जियर्सच्या चित्रापेक्षा मोकळं वाटतं. भिंत तिथं जवळजवळ कोरी आहे, पांढरी, उन्हाची. फरशीवाल्याच्या पोटावर पाय, पण चित्र मोकळं आहे.

त्याच्या रोजनिशीत १७ ऑक्टोबर १८५३ ची एक नोंद आहे. त्यात तो म्हणतो, की आफ्रिकेच्या प्रवासातून काही बरं हाती लागलं ते बारीकसारीक तपशील विसरल्यावर, आणि नुसतं मनावर ठसलेलं, काव्यमय तेवढं उरल्यावर. तोवर अचूकपणाचं प्रेम त्याच्या मागं लागलं होतं, आणि बहुतेक लोक त्या अचूकपणालाच सत्य समजतात. कलाकार मंडळी ही ओळ फार मानतात. मला ती अर्धीच पटते. विसरलो म्हणणारा हा गृहस्थ त्या वह्या आणि सुटे कागद मरेपर्यंत स्वतःजवळ ठेवून होता. १८६३ साली तो गेला आणि पुढल्या वर्षी फेब्रुवारीत त्याच्या स्टुडिओतल्या मालाचा लिलाव झाला तेव्हा ही पानं बाहेर पडली. कपाटात हिरवा-पिवळा लिहून ठेवलेला असला की विसरण्याची चैन परवडते. आमच्या सासूबाईसुद्धा “मले नाई आठवत कोणी किती उधारी नेली” म्हणत, आणि वही कुलपात असे.

आमच्या भागात असं काही काढण्यासारखं आहे का, याचा विचार मी बरेच दिवस करत होते. वाडे पडत चालले. जवळच्या एका गावात कापसाच्या जुन्या व्यापाऱ्याच्या माडीवर सिमेंटच्या रंगीत फरश्या होत्या, लाल-काळ्या-पिवळ्या फुलांच्या. त्या भाजत नाहीत. लोखंडी साच्यात कप्पे असतात, कप्प्यांत रंगवलेला पातळ सिमेंटचा घोळ ओततात, कप्पे उचलून घेतात, मागं कोरडा सिमेंट-वाळूचा थर देऊन दाबयंत्राखाली दाबतात. रंगाचा थर जाड असतो, म्हणून पिढ्या चालून गेल्या तरी फूल पुसत नाही. वारसांनी वाडा पाडला तेव्हा मी पडक्या माडीखाली उभी राहून तो कोपरा काढून घेतला. एक फूल पुरं, बाकी नावं. तांबडा, विटलेला काळा, पिवळा, आणि जिथं पलंगाचा पाय होता तिथला मूळ पिवळा वेगळा. फरश्या भंगारवाल्यानं नेल्या. आता त्या पुण्यामुंबईच्या कॅफेत लागतात म्हणे.

पण माझ्या वहीत सगळ्यात जास्त पानं आहेत ती तुकड्यांच्या ओट्यांची. आमच्याकडं फुटका माल निघतोच. ट्रकमधून उतरताना दहा बॉक्समागं एखादा जातो. तो पोत्यात भरून बाजूला ठेवला की उन्हाळ्यात लोक घेऊन जातात. मारुतीच्या पाराला, तुळशीच्या ओट्याला, गच्चीवर, गोठ्यापुढच्या पडवीला. कुणाच्या बाथरूमचा निळा, कुणाच्या देवघराची केशरी, घरकुलातून उरलेला पांढरा, सगळं एका ओट्यावर. आमचेच मिस्त्री तिथं वेगळे होतात. घराच्या आत सांधा एक सूत हलला तर उखडून काढणारा हा माणूस पारावर हातोडीनं टाइल फोडतो, हाताला येईल तो तुकडा उचलतो, आणि गुडघ्यावर बसून मधोमध कमळ काढतो. आखणी नाही. पाकळीला हिरवा कमी पडला की पुढची पाकळी निळी. “देवाले काय शेडनंबर लागते?” असं वर मलाच विचारतात. एका पारावर तर कमळाच्या देठात ‘मेड इन इंडिया’चा शिक्का उलटा बसला आहे, पाठ वर करून लावलेला तुकडा, कारण भाजक्या मातीचा तोच रंग त्यांना देठाला पाहिजे होता.

त्या पाराचं पान मी त्यांना दाखवलं. शेंदूर लावलेल्या मारुतीशेजारी त्यांचं हिरवं कसं दिसतं ते मला पकडायचं होतं, म्हणून कमळ मी दोन पाकळ्यांवर सोडलं आणि शेंदराजवळचा भाग तेवढा रंगवला, बाकी शब्द. त्यांनी पान उलटंसुलटं करून पाहिलं.

“बाकीच्या पाकळ्या कुठी गेल्या?”

“त्या तुमच्या पारावर आहेत ना.”

“मंग लोकायले कसं समजन का अकरा हायत?”

आता मी प्रत्येक पानाच्या मागं पाकळ्यांची संख्या आणि ओट्याचं माप लिहिते, त्यांच्या समाधानासाठी. पुढच्या बाजूला माझं, मागच्या बाजूला त्यांचं. जोन्सनं आणि देलाक्र्वानं एकच वही वापरली असती तर कशी दिसली असती याचा अंदाज येतो.

शांतिईची वही प्रत्यक्ष पाहायची इच्छा आहे. ती भारतात कधी येणार नाही. तिथला संग्रह ज्या उमराव ड्यूकनं अँस्तित्यू द फ्रान्स या संस्थेला दिला त्यानं अट घातली, की यातलं काही कुणाला उसनं द्यायचं नाही, त्या वाड्याबाहेर न्यायचं नाही. उधारी बंद, हे दुकानदाराला समजण्यासारखं आहे. नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, यंदा कापसाला भाव लागू दे, लोकांची मागची बाकी येऊ दे, मग पाहू. तोवर खोलापूरकडच्या एका पाराचं काम निघालं आहे आणि मिस्त्रींना केशरी तुकडा एक पोतंभर पाहिजे. तेवढा माझ्याकडं फुटलेला नाही, म्हणून ते चांगल्या बॉक्सकडं बघून राह्यले.